शेवटचा शब्द : ‘गाजावाजा’

३ मार्च, सोमवार
आज संपादकांनी शब्दकोशासाठी मला ‘गाजावाजा’ दिला. बावीस वर्षांत ‘गळका’, ‘गवत’, ‘गाजर’ असलेच शब्द माझ्या वाट्याला आले. महिनाअखेर रिटायर होतोय, म्हणजे हा शेवटचा. कार्डावर अर्थ, वापर आणि एक उदाहरण लिहायचं. कचेरीचा नियम असा, की उदाहरण कानावर पडलेलं हवं, मनानं रचलेलं नको. मुदत वीस तारीख. चार ओळी पुरेत, म्हणाले. बघूच! लोक कोश उघडून विचारतील, हे लिहिलं कुणी?
संकल्प : काम संपेपर्यंत ब्र काढायचा नाही.

सायंकाळी ६
बायकोला सांगितलं. ती काही परकी नाही. मेहुणीलाही सांगितलं, फोन तिचाच आला होता. लिफ्टमधल्या दोघांनी ‘काय विशेष?’ विचारलं. खोटं कसं बोलणार?

७ मार्च
कार्ड कोरं. पण पन्नास पत्रकं छापून आली : ‘लवकरच! गाजावाजा!’ एक संपादकांच्या दारावर लावलं. नोंद कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. डोक्यात तयार आहे, म्हटलं. प्रूफं तपासणाऱ्या बाई हसल्या. जळतात.

१२ मार्च
वाचनालयाचा हॉल ठरवला. तीस तारखेला नोंदीचं जाहीर वाचन. मेहुणा म्हणाला, चार ओळींना हॉल कशाला? हा टायर विकतो, याला काय कळणार! आधी माझं चाळीस मिनिटांचं प्रास्ताविक आहे.

१९ मार्च
प्रास्ताविकाची अकरा पानं झाली. झकास. नोंद उद्या, ताज्या डोक्यानं.

२० मार्च, दुपारी ४
संपादकांनी कार्ड मागितलं. मी पत्रक दिलं. त्यांनी ते उलटून पाहिलं. मागे काहीच नाही, म्हणाले. ‘उत्सुकता,’ मी म्हटलं. बाई पुटपुटल्या, नोंद लिहायच्या आधीच तिचा गाजावाजा झाला. संपादकांनी नवं कार्ड ओढलं आणि लिहायला बसले.
लिहू देत. नक्कल करतील, अक्कल कुठून आणतील?

३० मार्च, रविवार
श्रोते नऊ, त्यातले पाच सासरचे. प्रास्ताविक रंगलं. मग बाईंनी आणलेलं छापील पान मी उघडून खणखणीत आवाजात वाचलं :
‘गाजावाजा, पु. : असेल त्याहून वाढवून केलेली प्रसिद्धी. उदा. नोंद लिहायच्या आधीच तिचा गाजावाजा झाला. (कचेरीत ऐकलेले.)’
सगळ्यात आधी मेहुण्यानं टाळी वाजवली. मग सगळे हसले. बायको हसली नाही, तेच जास्त लागलं. तरी मी वाकून नमस्कार केला. कोशातलं उदाहरण होणं येरागबाळ्याचं काम नाही!

३१ मार्च
शेवटचा दिवस. कपाटाची किल्ली दिली. पाच वाजता सगळे आपापल्या कामात होते. संपादक दारापर्यंत आले. निरोप समारंभ ठेवला नाही म्हणाले, उगाच गाजावाजा नको ना?
छे, अजिबात नको, म्हटलं.
हवा होता.