किणकिणीची हाक

रविवार, ९ नोव्हेंबर

आलं! अजबवन प्लस अखेर फोनवर उतरलं! जुन्या गेममध्ये पकडलेले माझे सगळे अजबजीव नव्यात जसेच्या तसे आले, एकही हरवला नाही. शिवाय आता ते गप्प डबीत बसून राहत नाहीत. कॅमेरा लावला की मागे मागे चालतात! माझं शिंगवालं कासव आज कापड तपासायच्या टेबलाखाली बसलं होतं. हितेशदादा म्हणाला, "सत्तावीस वर्षांची घोडी झालीस, आणि भुतं काय पकडतेस?" पकडते. दिवसभर आमच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये कापडाच्या ताग्यातले दोष शोधणाऱ्या बाईने संध्याकाळी भुतं शोधली तर ह्याच्या पोटात का दुखतं?

सोमवार, १० नोव्हेंबर

नव्यातली सगळ्यात भारी गोष्ट – हाक! दुर्मिळ जीव आता नकाशावर दिसतच नाहीत. ते हाक मारतात. आवाज जिकडून मोठा येईल तिकडे चालत जायचं आणि पकडायचं. सगळ्यात दुर्मिळ ती किणकिणी. पडद्यावर अक्षरं येतात : 'किणकिणी जवळ आहे, कान द्या.' दिले. काही नाही! बुशराला फोन केला. ती निजामपुऱ्याची, माझ्यासारखीच लूमवाल्याची पोर, शाळेपासून आम्ही जोडीने खेळतो. "मेरे में भी कुछ नहीं आ रहा. फसवलं गं आपल्याला," म्हणाली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

गल्लीतल्या दिसेल त्याच्या फोनवर गेम टाकून पाहिला. इयरफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून. कुणालाच हाक नाही! म्हणजे गेमच बोगस. सगळ्यांना एकेक स्टार द्यायला लावला आणि मी वर चार शब्द सुनावले – विकायच्या आधी स्वतः ऐकून तरी बघत जा!

संध्याकाळी कंपनीचं उत्तर : आवाज व्यवस्थित चालू आहे, कृपया शांत जागी ऐकून पाहावे. शांत जागी! नारपोलीत! भिंतीपलीकडे आमचे लूम खडखडतायत. ठीक आहे. शुक्रवारी लूमला सुट्टी. शुक्रवारी दाखवते ह्यांना.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर



बुशरा सकाळीच आली. लूम बंद, गल्ली चिडीचूप. पडद्यावर किणकिणी. फोन मध्ये ठेवून दोघी श्वास रोखून बसलो. काही नाही! बुशरा कंपनीचा उद्धार करत होती, तेवढ्यात आतून हितेशदादाची बायको, मनालीवहिनी आली.

"ताई, ती चिमणी बंद करा ना. कधीची चिरचिरतेय. पोरगी आत्ता कुठं झोपली हाय, तुळजा."

"कुठली चिमणी?"

तिने फोनकडे बोट दाखवलं.

आम्हाला वाटलं, थट्टा करतेय. तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मी आवाज बंद-चालू करत राहिले. "आता हाय. आता न्हाय. आता हाय." एकदाही चुकली नाही.  वहिनी अकलोलीची, खेड्यातली. लग्न होऊन इथे येईपर्यंत तिने लूम डोळ्यांनी पाहिला नव्हता.

म्हणजे गेम चांगला आहे. गल्लीत एकाचाही फोन बिघडलेला नव्हता!

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज शेडमध्ये नुसती बघत राहिले. आम्ही बोलताना एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. सगळेच! भाऊ तर पाठ फिरवली की उत्तरच देत नाहीत, आणि मी आजवर समजत आले की आपला बाप ताठ आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. बंद खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच नाही, मला वाटलं मशीन लावताहेत – आणि त्यांनी दार उघडून सांगितलं, झाली तपासणी! वरच्या पट्टीतले बारीक आवाज माझे गेलेत. परत यायचे नाहीत. लूमजवळ किती वर्षं, विचारलं. जन्मल्यापासून, म्हटलं. येताना रिक्षात ढसाढसा रडले.

भाऊंच्या समोर जाऊन, तोंड दाखवून सांगितलं. ते हसले. "माझं काय अडलंय? साठी उलटली, धंदा चाललाय न्हाय? म्हणं कान गेले!"

वहिनी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "तुळजाचा पाळणा त्याच भिंतीला हाय," एवढंच म्हणाली.

 आमच्या गल्लीत सगळ्यांचेच पाळणे लूमच्या भिंतीला. खडखडाटात पोरं गाढ झोपतात, सुट्टीच्या दिवशी किरकिर करतात. आमच्या पोरांना अंगाई लागत नाही, असं भाऊ पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. तुळजा दीड वर्षाची झाली. अजून एक शब्द बोललेली नाही. दादा म्हणतो, आपल्यात उशिराच बोलतात. आणि मी आत्या, मलाही कधी काही वाटलं नाही!

बुधवार, १९ नोव्हेंबर

दादाशी कडाक्याचं भांडण. पाळणा पुढच्या खोलीत घे म्हटलं, तर तिथे व्यापारी बसतात म्हणे. तुळजाला डॉक्टरकडे नेऊ म्हटलं, तर तो उठून शेडमध्ये निघून गेला. भाऊंचं एकच – आधी तो गेम काढून टाक. अरे, गेमने काय केलं!

दुपारी वहिनी हळूच जवळ आली. "ताई, ती चिमणी अजून हाय का फोनात?"

आहे. शुक्रवारी लूम बंद झाले की बघू, असं दोघींनी ठरवलं. मला भीती वाटतेय.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

वळली! तुळजा वळली! वहिनीच्या मांडीवर होती, मी मागून फोन धरला. पहिल्याच हाकेला मान वळवून बघायला लागली. दुसऱ्या बाजूनेही तसंच! मी उड्या मारायला लागले. वहिनीने डोळे पुसले, उठली आणि कपाटावरची बॅग खाली ओढली.

"अगं, आता कुठे निघालीस? ऐकू येतंय ना तिला!"

"येतंय ना? म्हणूनच माहेरी चाललेय."

मी रिक्षा आणायला धावले.