आठ नंबरचा घाम

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९.

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. हॉकीचा सीझन सुरू झाला की माझं डोकं फिरतं असं बायकोचं म्हणणं. म्हणून यंदाचे संकल्प: रागवायचं नाही. लाँड्रीच्या काउंटरवर हॉकीचा विषय काढायचा नाही. ब्लडप्रेशरची गोळी वेळेवर.

काल पहिली मॅच. १–३ हरलो. मी शांत आहे.

आठ नंबरच्या मात्र कानाखाली वाजवावीशी वाटते. सेंटर हाफ म्हणे! बारा वर्षं तीच जागा अडवून बसलाय. काल चेंडू त्याच्या बाजूने जात होता आणि हा नुसता बघत होता.

सकाळी ११.

मोठा शोध लागला. लगेच लिहून ठेवतो.

संघाच्या जर्सी नऊ वर्षं आमच्याकडेच धुवायला येतात. मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी येते. आज ती हॉटेलच्या चादरींच्या वजनकाट्यावर ठेवली आणि डोक्यात प्रकाश पडला. कोरडी जर्सी दीडशे ग्रॅम. म्हणजे वर जे भरेल तो घाम! एकेक काढून मोजली. पाच नंबर २३०. दहा नंबर २४५. गोलीला वगळलं, त्याचा घाम पॅडमध्ये जातो.

आठ नंबर: १५०.

साठ मिनिटं मैदानावर, आणि एक थेंब नाही. वर जर्सीला साबणाचा वास! माणूस खेळायला आला होता की लग्नाला?

आणि सतरा नंबर, जो अख्खी मॅच बाकावर बसून होता, त्याची १९५. नुसत्या काळजीने पंचेचाळीस ग्रॅम. याला म्हणतात निष्ठा. बायकोने जर्सी हुंगून संत्र्याचा ज्यूस सांडलाय असं मत दिलं. हिला हॉकीतलं काय कळतं? आठ नंबरबद्दलही ती काहीतरी सांगू लागली. म्हटलं, सीझन संपल्यावर बोलू.

दुपारी २.

पूर्व स्टँड मंडळाची, म्हणजे आम्हा चाहत्यांची, बैठक, नेहमीप्रमाणे चष्मेवाल्याच्या दुकानात, शटर अर्धं ओढून. आमची पद्धत अशी की काउंटरच्या काचेवर चष्म्यांची अकरा रिकामी घरं मांडायची, तोच संघ. ज्याला बदल हवा त्याने घर उचलायचं आणि कारण सांगायचं. मधलं जुनं तपकिरी चामड्याचं घर म्हणजे आठ नंबर.

मी ते उचललं आणि त्या जागी गॉगलचं घर ठेवलं. सतरा नंबर.

चष्मेवाल्याने कारण विचारलं. गिऱ्हाइकाच्या कपड्यांबद्दल बाहेर बोलायचं नाही हे धंद्याचं इमान. म्हणून म्हटलं, खात्रीलायक सूत्रांकडून माहिती आहे. त्याने तपकिरी घर परत जागेवर ठेवलं आणि सूत्रांना चष्मा लागला असेल तर सवलतीत देतो म्हणाला. सगळे हसले. टपालवाले काकाही.

मी रागावलो नाही. फक्त दार आपटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार.

काउंटरवर हॉकी नाही. संकल्प कडक पाळला, साडेदहापर्यंत.

मग पडदेवाली बाई आली. आपल्या संघात आठ नंबर एकटाच काय तो खेळतो, असं आपणहून म्हणाली. मी फक्त वस्तुस्थिती समोर ठेवली. ती थोडी मोठ्या आवाजात ठेवली गेली. बाई ओले पडदे तसेच बादलीत घालून घेऊन गेली.

बायको म्हणाली, असंच चाललं तर दुकानात आपण दोघंच उरू. म्हटलं, मग काम कमी होईल.

१२ ऑक्टोबर, रविवार.

काल ०–२. बंदरवाल्यांसारख्या फुटकळ संघाकडून. चार पेनल्टी कॉर्नर फुकट घालवले.

वजनं: दहा नंबर २५०. पाच नंबर २३५. आठ नंबर १५०. त्याच साबणाचा वास. आता तर जर्सी घडी घालून वेगळ्या पिशवीत येते. महाराजांना इतरांच्या घामाचीही किळस!

इमान बाजूला ठेवलं. संघ बुडत असताना इमान कसलं? दुपारी मंडळात आकडे वाचून दाखवले. चष्मेवाला इतका हसला की त्याला स्वतःचा चष्मा काढून पुसावा लागला. मग विचारतो, आता गोलही ग्रॅममध्ये मोजायचे का? निवृत्त मास्तर म्हणाले, माझी मुंज झाली तेव्हापासून हॉकी बघतोय, पण हे पहिल्यांदाच ऐकतोय. मी म्हटलं, विज्ञान पुढे गेलंय.

पण टपालवाले काकांनी वही हातात घेतली, दोनदा वाचली आणि आकडा हा आकडा असतो म्हणाले. पार्सलं तोलण्यात हयात गेलेला माणूस. एक मत फुटलं!

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

कोचला पत्र लिहिलं. सोबत घामाचा तक्ता, पट्टीने रेघा आखून. खाली सही: पूर्व स्टँड मंडळ. मंडळाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उगाच नाही म्हणाले असते.

इस्त्री करता करता बायको पुन्हा म्हणाली की आठ नंबरच्या जर्सीच्या खांद्यांवर दोरीच्या चिमट्याच्या खुणा असतात, एकदा नीट बघा. म्हटलं, समोरच्या खेळाडूने खांदा धरला असेल. पळता येत नाही म्हणून सापडतो. बायकोने इस्त्री जरा जास्तच जोरात दाबली.

गोळी विसरलो. उद्या दोन घेऊ.

१८ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ७.

२–३ हरलो. दोन्ही गोल आठ नंबरच्या पासवर झाले असं रेडिओवाला सांगत होता. पास देणं म्हणजे स्वतः न पळणं. हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आजचं खरं यश वेगळंच. रॅकवर एक पांढरी डबल चादर दोन वर्षं पडून होती, गिऱ्हाईक परत आलंच नाही. तिच्यावर कपड्यांवर खूण करायच्या शाईने हाताएवढी अक्षरं काढली: आठ नंबर, घाम गाळ नाहीतर घरी बस. ती शाई कशानेही निघत नाही. अक्षर माझं पहिल्यापासून वळणदार. दुसऱ्या सत्रात मी आणि काकांनी चादर फडकवली. पहिल्यांदा कुणी बघेना. मग तिसरा गोल बसला आणि अख्खा पूर्व स्टँड घरी बस, घरी बस ओरडायला लागला. हजारभर माणसं. अंगावर काटा आला. चष्मेवाला दोन ओळी खाली बसला होता, मान खाली घालून.

शेवटी वाऱ्याने चादर हातातून सुटली आणि थेट मैदानात. उचलली कुणी? आठ नंबरनेच. उभा राहून पूर्ण वाचली. मग कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली आणि बाकावर नेऊन ठेवली. घड्या घालायला वेळ आहे, पळायला नाही!

घडी मात्र चांगली होती. आमच्या दुकानातल्या घडीपेक्षा चांगली.

१९ ऑक्टोबर, रविवार.

मंडळ फुटलं.

मी आत पाऊल टाकताच चष्मेवाला तुटून पडला. पत्राचं त्याला कुठून तरी कळलंय. माझ्या सहीने कुणाच्या पोटावर पाय दिलास, असं तो म्हणाला. सही त्याची नव्हती, मंडळाची होती, हे मी दाखवून दिलं. मग तो जे बोलला ते इथे लिहीत नाही. मीही जे बोललो ते लिहीत नाही, पण माझं सरस होतं. मास्तर मध्ये पडले तर त्यांना दोन्हीकडून ऐकावं लागलं. अकराच्या अकरा घरं जमिनीवर. शेवटी त्याने मला दंडाला धरून शटरखालून बाहेर काढलं आणि यापुढे माझ्या डोळ्यांचा नंबर दुसरीकडे तपासायचा अशी ताकीद दिली.

निघताना गॉगलचं घर मी खिशात टाकलं. नवं मंडळ स्थापन. सभासद: मी आणि टपालवाले काका. बैठकीची जागा: लाँड्री, धुलाई मशीनच्या मागे. अध्यक्षपदी मी बिनविरोध. काका तेव्हा मशीनच्या आवाजात होते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.

जिंकलो!

पेपरात आलंय: आठ नंबरला वगळलं. उद्या सेंटर हाफ सतरा नंबर. कोच म्हणतो, चाहत्यांच्या भावनांचा विचार करावा लागतो, काही जाणकारांनी आकडेवारीही पाठवली होती. जाणकार! कात्रण काढून वजनकाट्याच्या वर चिकटवलं.

बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि विचारलं की आता झालं का समाधान? म्हटलं, संघाचं भलं झालं, माझं काय त्यात. ती मागच्या खोलीत गेली, बराच वेळ आली नाही. तिलाही आनंद होत असावा, दाखवत नाही इतकंच.

२५ ऑक्टोबर, शनिवार.

०–६.

कारणं: टर्फवर पाणी जास्त मारलं होतं. अंपायर विकाऊ. उन्हाची तिरीप. सतरा नंबरकडून दोनदा चेंडू आपल्याच गोलकडे गेला, पण जोर बघण्यासारखा होता. आठ नंबर बाकावर बसून सगळ्यांच्या बाटल्या भरत होता. शेवटी त्याच्या लायकीचं काम मिळालं.

पूर्व स्टँडने आज कुणाचंच नाव घेऊन आरडाओरडा केला नाही. पाचव्या गोलनंतर लोक उठून गेले.

२६ ऑक्टोबर, रविवार.

सतरा नंबर: २९०!! सीझनचा उच्चांक. मी काय सांगत होतो?

बायको म्हणाली की पोरगं घाबरून घामाघूम झालंय, नाकाला कळतंय. ही आता घामाचे प्रकार शिकवणार.

दुपारी बैठक. काका आलेच नाहीत. निरोप पाठवला की गुडघा दुखतोय. चार वाजता चष्मेवाल्याच्या अर्ध्या शटरखालून आत वाकताना दिसले. गुडघा बरा वाकत होता. गणसंख्येअभावी बैठक तहकूब.

२ नोव्हेंबर, रविवार.

काल ०–४. सुधारणा आहे. सहावरून चारावर.

सतरा नंबर २८५. आठ नंबरची जर्सी आज आलीच नाही. पिशवी घेऊन येणारा सामानवाला म्हणाला, त्याने संघ सोडला. बाकावर बसायची सवय नाही आणि वय राहिलं नाही, असं म्हणाला म्हणे. कुणाला दोष दिला नाही. दोष द्यायला तोंड तर हवं.

तक्त्यातली त्याची ओळ खोडणार होतो. पट्टी सापडली नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.

पाच वाजता आठ नंबर दुकानात आला. स्वतः.

मी योगायोगाने कोटांच्या रांगेमागे होतो. एका कोटाचं बटण तपासायचं होतं. तपासायला वीस मिनिटं लागली.

टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा बुटका निघाला. एक गुडघा जड टाकत होता. त्याने काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. पहिली, त्याची जर्सी. संघाला परत करायची आहे, तुमच्याकडून कडक इस्त्री होऊन गेली तर बरं, म्हणाला. दुसरी, ती चादर. कोपऱ्यावर आमच्या लाँड्रीचा शिक्का होता म्हणून घेऊन आलो, असं त्याने सांगितलं. दोनदा धुतली, गरम पाण्यातही घातली, पण अक्षरं जात नाहीत. माफ करा म्हणाला. माफ करा! तो!

बायकोने त्याला स्टूल दिलं. एवढ्या वर्षांत प्रत्येक जर्सी तुम्ही स्वतः धुऊन का पाठवत होता, असं तिने विचारलं. मग तो बोलला. त्याची आई लोकांचे कपडे धुवायची. वीस वर्षं. लोक काय काय तसंच पुढ्यात टाकतात ते त्याने लहानपणापासून बघितलंय. पहिल्या मॅचनंतर अंगातली घामट जर्सी पिशवीत टाकताना त्याला लाज वाटली. तेव्हापासून मॅच संपली की घरी नेऊन धुवायची, रात्रभर दोरीवर आणि सकाळी सामानवाल्याकडे. नुसत्या इस्त्रीसाठी.

बायको म्हणाली, मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

जाता जाता त्याने चादरीवर बोट ठेवलं आणि अक्षर कुणाचं आहे हो, फार सुंदर आहे, असं विचारलं. मी कोटांमागे श्वास रोखला. बायको म्हणाली, एका गिऱ्हाइकाची चादर आहे, दोन वर्षं झाली, न्यायला कुणी येत नाही.

तो गेला. बायकोने त्याची जर्सी इस्त्री केली, आधी बाह्या, मग कॉलर, एकदम सावकाश. मी बाहेर आलो आणि म्हटलं की मुळात पद्धत शास्त्रशुद्धच होती, आकडे काही खोटे नव्हते, माहिती अपुरी मिळाली आणि ती ज्यांच्याकडे होती त्यांनी वेळेवर सांगायला हवी होती.

तिने माझ्या अंगातला शर्ट काढून मागितला. मला वाटलं धुवायला.

संध्याकाळी ७.

बनियनवर बसून लिहितोय. आत्ता तक्ता पाहिला. सतरा नंबरच्या खाली बायकोच्या अक्षरात एक नवी ओळ आहे:

घरचा शर्ट. सकाळी दुकान उघडताना २१०. संध्याकाळी दुकान बंद करताना २१०.

काटा बिघडलेला दिसतो. उद्या मेकॅनिकला बोलावणे.