मठ रिकामा करून दिला

शनिवार, संध्याकाळ. जत.

आज मठाच्या किल्ल्या मालकाच्या माणसाला द्याव्या लागल्या, म्हणून लिहिते आहे. मालक! मठाला मालक. सरकार जमीन काढून घेईल या धास्तीने गावानेच ती पूर्वी मठाच्या स्वामींच्या पुतण्याच्या नावावर केली होती. विश्वासाने. त्याच्या नातवाने विकली. कोर्टात हरलो, आणि हरणारच होतो. मठाच्या पंचांपैकी आज मी एकटीच हजर.

मेंढपाळ चाऱ्यासाठी नदीकाठाला जाताना, ज्यांना चालवत नाही अशी म्हातारी माणसे मठात ठेवून जातात. यंदा एकटी बायाक्का होती. उठेचना.

"आवं बाई, मेंढरं माघारी आली की ल्योक मला हितंच हुडकंल न्हवं?"

"त्याला फोन करते. तुम्ही माझ्या घरी चला."

"फोनात त्येला कुत्र्यांबिगर काय ऐकू येतंय? म्हातारी मठात हाय म्हंजी हाय, एवढंच त्येला ठावं."

हात धरून उठवले. जरा ओढलेच.

पुढच्या वर्षी कुठे ठेवतील ही माणसे? मला खरेच सुचत नाही.

सोपवले ते असे: पुढच्या-मागच्या दाराच्या किल्ल्या, स्वयंपाकाची मोठी कढई, आणि आत आता कोणीही राहत नाही, असे माझ्या सहीचे पत्र.