घुबडांकडचे गुरुवार

२२ ऑगस्ट, गुरुवार

हे बोलले! आज. फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून एक अक्षर नाही, आणि आज — "पाय."

आणि बोलले कुठे, तर घुबडांच्या कॅफेत. लिहितानाही मला खरं वाटत नाहीये.

झालं असं. दवाखान्यातून ह्यांचे व्यायाम आणि बोलण्याचा वर्ग आटोपून निघालो. ट्रामच्या थांब्यावर सावली म्हणून नाही. ह्यांचा चेहरा लालबुंद. छत्तीस वर्षं ह्याच रुळांवर ह्यांनी ट्राम चालवली, आणि आज तीच ट्राम येईना. थांब्यासमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घुबडांचा कॅफे आहे, मुलींची रांग असते तिथे. खाली लिफ्ट दिसली. आत गारवा असेल एवढाच विचार केला आणि चाकाची खुर्ची आत ढकलली.

दारातच एप्रन घातलेल्या बाईंनी आमच्या हातांवर औषध फवारलं, गार जवाचा चहा दिला. ओदाची त्यांचं नाव, मी ओदाची-सान म्हणते. चाळिशीच्या असतील. भिंतीशी ओळीनं अकरा घुबडं, प्रत्येकाच्या पायात चामड्याची पट्टी, पट्टी दांडीला बांधलेली. वर पिवळे दिवे. एक गव्हाणी घुबड त्यांनी हातमोजा चढवून माझ्या हातावर दिलं — चेहरा कापलेल्या सफरचंदासारखा, पाठ भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाच्या रंगाची, म्हणून नाव किनाको. किती हलकी! मी बघतच राहिले, आणि कित्येक महिन्यांनी हसू फुटलं. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला माझा, मोठमोठी पातेली उचलण्यात. इतकं हलकं काही या हातांनी धरलं नसेल.

आणि मागून ह्यांचा आवाज. घोगरा, पण ह्यांचाच. "पाय."

मी किनाकोला परत दिलं आणि ह्यांचा उजवा पाय पाहिला. पायठेवणीवर नीटच होता. तरी सरळ केला. आणि तिथेच रडले, अकरा घुबडांसमोर.

२३ ऑगस्ट

मिझुएला फोन केला. बापाची लाडकी लेक, ती पण रडली. मग विचारलं, कुठे बोलले? सांगितलं. मग म्हणाली, आई, तसल्या ठिकाणी जनावरांचे फार हाल असतात, तू वाचत नाहीस का काही? मी म्हटलं, तुझे बाबा बोलले. हो, म्हणाली.

२९ ऑगस्ट, गुरुवार

परत गेलो. "पाय" दोनदा!

बोलण्याचा वर्ग घेणाऱ्या काजितानी-सानना मुद्दाम फोन करून सांगितलं. त्यांना माझ्याहून जास्त आनंद. म्हणाल्या, कुठल्या गोष्टीनं कुलूप उघडेल सांगता येत नाही, जे करताय ते सोडू नका.

सोडते कशाला!

५ सप्टेंबर, गुरुवार

दुसरा शब्द. "पाणी."

लगेच चहाचा पेला नळीसकट तोंडाशी धरला. मान फिरवली. साधं पाणी मागून घेतलं. पुन्हा मान फिरवली. पुन्हा म्हणाले, "पाणी." मी पेला पुढे केला तर डाव्या हातानं ढकलला, सगळं माझ्या स्कर्टवर. प्यायचं नाही तर मागता कशाला? जरा चिडूनच बोलले मी. नंतर वाईट वाटलं. ओदाची-सान टॉवेल घेऊन आल्या.

किनाको आज माझ्या हातावर झोपली. निदान डोळे मिटले तिनं.

८ सप्टेंबर

घरी एक शब्द नाही. मी "पाय? पाणी?" करत बसते, हे खिडकीबाहेर बघतात. म्हणजे शब्द फक्त तिथेच. असं का?

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज मला कळलं, आणि कळल्यापासून डोकं ठिकाणावर नाही.

आज मी ह्यांच्याकडे बघायचं सोडून हे कुठे बघतात ते पाहिलं. हे किनाकोकडे बघत होते. "पाणी" म्हणाले तेव्हाही. तिची चोच उघडी, गळा आतून भराभर थरथरत होता. दांडीखाली वाटी नव्हती. कुणाच्याच दांडीखाली नव्हती. तीन आठवडे मी तिथे बसून गार चहा पीत होते आणि हे मला दिसलं नव्हतं.

मग पाय पाहिला. तिचा. पट्टी वर सरकली होती तिथे खालचा तळवा सुजलेला, मधे काळपट खपली.

हे स्वतःबद्दल बोलतच नव्हते.

ओदाची-सानना विचारलं. त्या बेसिनपाशी हात धूत होत्या, बराच वेळ धूत राहिल्या. म्हणाल्या, पाणी प्यायले की पक्षी घाण करतात, गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर उडतं, म्हणून मालकांनी दिवसा बंद केलंय. दुकान बंद झालं की मी देते. पायाला मलम लावते रोज. या आठवड्यात तिच्या दांडीवर 'विश्रांती'ची पाटी लावीन, म्हणजे कुणी हात लावणार नाही.

मी म्हटलं, तुम्हाला हे चालतं?

"मालक दुसऱ्या शहरात असतात, इसोगाई-सान. महिन्यातून एकदा येतात. उद्या मी सोडून गेले, तर यांच्या पायाला मलम लावायला कोण येईल, ते सांगा मला."

बाई वाईट असती तर सोपं होतं.

१४ सप्टेंबर

मिझुएला सगळं सांगितलं. तिनं शहराच्या प्राणी विभागाकडे तक्रार करायचा अर्ज पाठवला. म्हणाली, आई, आता तरी भर.

भरला. पेन्सिलनं. दुकानाचं नाव, किती पक्षी, पाणी नाही, पायाला जखम. मग टेबलाच्या खणात ठेवला, नॅपकिनांच्या खाली.

दुकान बंद झालं तर? ह्यांचे दोन शब्द आहेत आणि ते दोन्ही तिथे आहेत. सहा महिने मी या घरात एकटी बडबडत होते, भांड्यांशी, टीव्हीशी. नवऱ्याचे दोन शब्द मोठे की पाखराचा पाय? हा प्रश्न लिहितानाच लाज वाटते.

१९ सप्टेंबर, गुरुवार

किनाकोच्या दांडीवर 'विश्रांती'ची पाटी नव्हती. सुट्टीचा आठवडा आलाय, गिऱ्हाईक खूप, असं ओदाची-सान माझ्याकडे न बघता म्हणाल्या. दोन मुली उलट्या हातानं तिचं डोकं कुरवाळत होत्या, अगदी हळू, नियमात सांगतात तसं. मुलींचं काही चुकलं नाही. घुबड म्हणजे भाग्य, त्याच्या जपानी नावातूनच 'कष्ट नाही' असा अर्थ निघतो, असं एक दुसरीला सांगत होती.

त्या उठल्यावर ओदाची-साननी विचारलं, घेणार का?

मी घेतलं. हो, घेतलं. सगळं माहीत असून घेतलं. ती एकाच पायावर भार देऊन उभी होती, ते मला हातमोज्यातूनही कळत होतं. तरी पाच-दहा मिनिटं तिला परत दिलं नाही.

हे नुसते बघत होते. तिच्याकडे की माझ्याकडे, ते काही कळलं नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

गेलो नाही. दवाखान्यात उशीर झाला असं ह्यांना सांगितलं. खोटं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज तिसरा शब्द.

आम्ही आत शिरलो. किनाकोची दांडी, किनाकोच्या नावाची पाटी, दांडीवर किनाको. मला वाटलं, बरी दिसतेय की! पाय सरळ, पिसं तुकतुकीत. चला, मलमानं गुण आला. मी ह्यांची खुर्ची जवळ नेली आणि म्हटलं, बघा, बरी झाली तुमची किनाको.

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाले, "नाही."

मी म्हटलं, काय नाही?

"नाही. नाही." पहिल्यांदाच इतकं मोठ्यानं. बाकीचे लोक बघायला लागले. मी ओदाची-सानकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पाहून मला कळलं.

त्या बाहेर जिन्यात आल्या, दार लोटून घेतलं आणि पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, रविवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा किनाको दांडीखाली मरून पडली होती. सूज वर चढली होती. पक्ष्यांचे डॉक्टर इथे नाहीत, दोन तास गाडीनं जावं लागतं. शनिवारीच मालकांना विचारलं होतं, तर म्हणाले, सोमवारपर्यंत बघू. मंगळवारी ही नवीन आली.

मी विचारलं, मग नाव तेच का?

"पाटी बदलू नको म्हणाले. लोक किनाकोला भेटायला येतात." मग म्हणाल्या, "मी आठ वर्षं आहे इथे. ही तिसरी."

तिसरी! मी जिला हातावर घेतलं तीही पहिली नव्हती तर. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आत ह्यांची खुर्ची एकटीच त्या दांडीसमोर.

अकरा घुबडांतलं एक बदललं. महिनाभर हातावर घेऊनही मला ओळखता आलं नाही. ह्यांनी दारातून ओळखलं.

४ ऑक्टोबर

खणातून अर्ज काढला. पेन्सिलवर पेन फिरवलं. किनाको मेली आणि तिच्या जागी दुसरी बसवली, हे खाली वेगळं लिहिलं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आले.

ह्यांना सांगितलं नाही. कसं सांगू? तुमचे शब्द जिथे फुटतात ती जागा मी बंद करायला निघालेय, असं?

१० ऑक्टोबर, गुरुवार

घरीच. भोपळा शिजवला. ह्यांनी दोन फोडी खाल्ल्या.

२१ ऑक्टोबर

प्राणी विभागातून फोन. आवाज तरुण, अतिशय अदबशीर. आमचे दोघे जाऊन आले, म्हणाला. नोंदणीत अकरा पक्षी आहेत, दांड्यांवर अकरा आहेत. पाण्याबद्दल सूचना दिली आहे, मालकांनी लगेच मान्य केलं.

मी विचारलं, आणि किनाको?

"किनाको आहे की. मी स्वतः पाहिली. छान आहे."

मी त्याला समजावून सांगायला गेले. तो ऐकत होता, हो हो म्हणत होता. शेवटी कळवल्याबद्दल त्यानं माझे आभार मानले आणि मीही त्याचे मानले. फोन ठेवल्यावर मला कळेना, मी आभार कशाचे मानले?

२४ ऑक्टोबर, गुरुवार

राहवलं नाही. पाणी ठेवतात का तेवढं बघून यावं म्हटलं.

वाट्या आहेत. प्रत्येक दांडीखाली पांढरी वाटी, पाणी स्वच्छ. एक घुबड तर वाटीतच पाय बुडवून उभं होतं. मला इतकं बरं वाटलं!

पण एप्रनमध्ये दुसरीच मुलगी. ओदाची-सान? त्या आता नसतात, म्हणाली. मग हळू आवाजात — कुणीतरी तक्रार केली ना, आतलंच कुणीतरी असणार असं मालकांना वाटलं. त्यांना काढलं.

मी विचारलं, पायांना मलम कोण लावतं?

"मलम?" ती म्हणाली.

मी काय करून बसले? पाणी आलं आणि ओदाची-सान गेल्या. जिन्यात बसून त्यांनी जे फक्त मला सांगितलं, ते मी अर्जावर लिहून दिलं. ओदाची-साननी तरी संशय कुणावर घेतला असेल? माझ्यावरच. मी केलं ते बरोबर होतं ना? मिझुए म्हणते, बरोबरच होतं. पण ओदाची-सानना ते कोण सांगणार? त्यांचा पत्ताही मला माहीत नाही. माफी मागायची तर कुठे जाऊन मागू?

हे परतताना ट्राममध्ये डोळे मिटून बसले.

२८ ऑक्टोबर

काजितानी-सानचा फोन. शब्द थांबलेत म्हणून त्यांना काळजी. तिथे नेत जा, म्हणाल्या, जनावरांच्या सहवासाचा फार उपयोग होतो. मी बरं म्हटलं. सगळ्यांनाच मी बरं म्हणते.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

दवाखान्यातून निघालो. थांब्यावर आलो तेव्हा वरच्या खिडकीत पिवळे दिवे. मी खुर्चीसमोर खाली बसले आणि ह्यांना विचारलं, "जायचं का वर? तुम्ही सांगा." असं विचारायचं मला आजवर एकदाही सुचलं नव्हतं.

एक ट्राम येऊन गेली. ह्यांचे ओठ हलत होते, मी घाई केली नाही.

"मला नको होतं. कधीच." मग पुन्हा दम घेतला. "तू तिथे हसायचीस. म्हणून यायचो."