डावी गिटार

३ मार्च
नवीन वही. नियम ठरवले. अल्बम, चित्रपट, पुस्तक, सगळ्यांना दहापैकी गुण. भावनेला वाव नाही. 'जबरदस्त' आणि 'अंगावर काटा' हे शब्द बंद. मतं कुणाला दाखवायची नाहीत. जगात निदान एका ठिकाणी बरोबर मत लिहिलेलं असावं, एवढाच हेतू.
धाकट्या भावाच्या बँडचा पहिला अल्बम या महिन्यात मिक्स होतोय, म्हणजे कुठलं वाद्य किती मोठं वाजणार हे ठरतंय. शेवटचा कान ताईचा, असं त्याने स्टुडिओत आधीच जाहीर करून टाकलंय. अल्बममध्ये डाव्या स्पीकरमधली गिटार त्याची, उजवीकडची लंबूची. दोघं शाळेपासूनचे. मी लॅबमध्ये दिवसभर प्रेशर गेज तपासते. साधन खरं बोलतंय की खोटं, हे ठरवणं हाच माझा धंदा. योग्य माणूस निवडला आहे.

५ मार्च
उठल्यापासून घरात बारीक शिट्टी. सतत, एकाच सुरात. फ्रिज बंद केला. चालूच. राउटर, टीव्ही, चार्जर. चालूच. मेन स्विच पाडला. आई बाथरूममधून ओरडली, "कोण मेलंय का?" शिट्टी चालूच. निष्कर्ष: शेजारी.
लॅबमध्येही शिट्टी. समोरच्या टेबलावर वजनकाटे तपासणारी सहकारी (यापुढे 'वजनकाटेवाली') म्हणाली, "मला नाही बाई काही येत ऐकू." काहींना बारीक आवाज येत नाहीत. वाईट वाटलं तिच्यासाठी. माझा संशय कॉम्प्रेसरवर.
ऐकला: एक संथ, जड अल्बम. पाच गाणी, तासभर. डावी बाजू जवळजवळ रिकामी ठेवली आहे, सगळं वजन उजवीकडे. धाडस आहे. एकटेपणा दाखवावा तर असा. ८.

६ मार्च
डावा कान भरल्यासारखा. सर्दी. दोन दिवसांत जाईल.
वाचलं: एकट्याने कडे चढणाऱ्या एका गिर्यारोहकाचं आत्मचरित्र. चौथं प्रकरण वाचताना खुर्चीत बसल्या बसल्या गरगरलं, टेबल घट्ट धरावं लागलं. शब्दांत एवढी ताकद असते हे माहीत नव्हतं. ९.
संध्याकाळी: पाचवं प्रकरण प्रायोजकांबरोबरच्या बैठकांबद्दल आहे. तरीही गरगरलं. लेखकाची पकड कुठेही सुटत नाही. ९ कायम.

९ मार्च
ऐकला: तीन जणांचा वेगवान थ्रॅश अल्बम. यांनीही डावी बाजू रिकामी ठेवली आहे. पहिल्याने केलं ते धाडस, दुसऱ्याने केलं ती नक्कल. ४.
धाकट्याने पहिलं मिक्स पाठवलं. मांडणी चांगली. फक्त डावी गिटार दबलेली. त्याचीच. तसं कळवलं. त्याचं उत्तर: "खरंच? मला वाटलं मीच जास्त वाजतोय." पोरगा भिडस्त आहे, लहानपणापासून. कुणीतरी त्याची बाजू घ्यायला हवी.

११ मार्च
शंकेचं निरसन म्हणून माझा हेडफोन दुरुस्तीला दिला. डावा स्पीकर कमकुवत असावा.
सर्दी अजून आहे. नाक मोकळं, घसा मोकळा. कानापुरतीच सर्दी.

१४ मार्च
दुरुस्तीवाला म्हणतो, "मॅडम, दोन्ही बाजू टकाटक." दुकानासमोरच रिक्षा, मोटारी, ट्रक. अशा गोंगाटात याला काय कळणार. नवा हेडफोन घेतला. त्याचीही डावी बाजू दबलेली! एकाच कंपनीचे दोन नग, एकच दोष. कंपनीला सविस्तर तक्रार लिहिली, तक्ता जोडला.
वजनकाटेवाली म्हणाली, "उलटा घालून बघ ना. डावा उजव्या कानात." तिला समजावलं की L आणि R अक्षरं छापलेली असतात ती पाळण्यासाठी. "मग राहू दे," म्हणाली आणि वजनं पुसू लागली. दोन गेज अदलाबदल करून तपासायची पद्धत मीच लॅबमध्ये आणली, हे तिने बोलून दाखवलं नाही. मीही दाखवलं नाही.

१६ मार्च
दुसरं मिक्स आलं. डावी गिटार वाढवली आहे म्हणे. मला पुरेशी वाटत नाही. 'अजून' असं कळवलं.
आईबरोबर चित्रपट पाहिला. पाणबुडीत अडकलेली माणसं. अर्धे संवाद गिळलेले. आई माझ्या डावीकडे बसली होती. मध्यंतरात म्हणाली की तिने मला तीनदा विचारलं, तो मेला का. मला एकदाही आलं नाही. आई हल्ली पुटपुटते. चित्रपट ३. आईला गुण देत नाही.

२३ मार्च
तिसरं मिक्स. स्टुडिओतला साउंडवाला अडून बसलाय. त्याचं म्हणणं, मीटरवर डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी वर गेली आहे. धाकट्याने विचारलं, "ताई, मीटर खोटं बोलेल का?" मी विचारलं, त्या मीटरचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं? प्रमाणपत्र आहे? साउंडवाल्याकडे नव्हतं. नसतंच. न तपासलेल्या साधनावर विश्वास ठेवणं म्हणजे अंधश्रद्धा, असं लिहून पाठवलं. वाद मिटला.
लंबूचाही निरोप आला, थेट मला: "ताई, मी पण वाजवलंय हो त्या अल्बममध्ये." उत्तर दिलं नाही. मतावर दबाव येऊ द्यायचा नाही, हा पहिल्या पानावरचा नियम. (पाहिलं. पहिल्या पानावर नाही. आता लिहिला.)

२६ मार्च
तिसरा हेडफोन, वेगळी कंपनी. दोष तोच. म्हणजे अख्खा उद्योगच घसरलाय.
ऐकले: या आठवड्यात सहा अल्बम. ३, २.५, ३, २, २, १.५. रॉक संपलं. दुःख आहे, पण आकडे आहेत.

३० मार्च
धाकट्याचा फोन येत होता. मी हल्ली फोन घेत नाही, लिहूनच बोलते. लिहिलेलं नेमकं असतं. त्याने लिहिलं, "फायनल करतोय. लंबू चिडलाय, पण मी त्याला सांगितलं, ताईच्या कानावर माझा डोळे मिटून विश्वास आहे." शेवटचं मिक्स ऐकलं. डावी गिटार आता कुठे जेमतेम उजवीच्या बरोबरीला आली. मंजूर. त्याचा चौथ्या गाण्यातला एकट्याचा तुकडा उत्तम, तसं कळवलं. अल्बमला ८.५. नातं बाजूला ठेवून.

६ एप्रिल
रस्ता ओलांडताना डावीकडून मोटार आली. हॉर्न न वाजवता. बाजूचा माणूस म्हणाला, वाजवत होता, केव्हाचा. लोक कुणाचीही बाजू घेतात.
पुस्तकांकडे वळायचं ठरवलं. पुस्तकाला डावं-उजवं नसतं. बँडबरोबर गावोगाव फिरलेल्या एका ड्रमरच्या आठवणी. त्याचा एक कान गेलेला असतो आणि तो ते वर्षभर लपवतो. अजिबात पटलं नाही. माणसाला कळणार नाही का? २.

११ एप्रिल
आईचं पुटपुटणं वाढलंय. टीव्हीकडे तोंड करून बोलते, वाक्याचा शेवट खाऊन टाकते. घशाचा काही आजार असू शकतो, अशा गोष्टींत उशीर बरा नाही. सोमवारची कान-नाक-घसा तज्ज्ञाची वेळ घेतली. आई म्हणाली, "माझा घसा ठणठणीत आहे, पण चल. तू येणार असशील तर चल."

१४ एप्रिल
आईचा घसा ठणठणीत आहे.
डॉक्टर बाई तिचा घसा बघता बघता माझ्या डावीकडून काहीतरी बोलत होत्या. मी आईकडे बघत होते. मग त्या खुर्ची सरकवून समोर आल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही बसा." मी म्हटलं, वेळ आईच्या नावावर आहे. आई म्हणाली, "बस गं मुकाट्याने."
धातूचा चिमटा वाजवून माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. "कुठल्या बाजूला ऐकू येतंय?" उजव्या. मग काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवलं. चौथा हेडफोन. त्याचीही डावी बाजू बंद होती.
कानाची नस. विषाणूमुळे असेल, कशामुळेही असेल. कधीपासून, असं विचारलं. मी म्हटलं, थोडे दिवस. आई म्हणाली, "दीड महिना होत आला, डॉक्टर. मेन स्विच पाडला ना हिने, त्या दिवसापासून." डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. पहिल्या पंधरवड्यात आला असतात तर गोळ्यांचा उपयोग होण्याची बरीच शक्यता होती, म्हणाल्या. आता देऊ, पण फार आशा ठेवू नका.
बिनचूक बोलणारी बाई आहे. आवाज पुरेसा मोठा. ७.

१५ एप्रिल
अल्बम १८ तारखेला येतोय. आजही थांबवता येईल. स्टुडिओत पहिलं मिक्स असणारच.
पण एका रीडिंगवरून निष्कर्ष काढू नये, हे लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. त्या काचेच्या खोलीतल्या यंत्रावर कॅलिब्रेशनचं लेबल मला दिसलं नाही. दिसलं असतं तर गोष्ट वेगळी.

१६ एप्रिल
लेबल होतं. आज दुसरी चाचणी करून घेतली तेव्हा पाहिलं. यंत्राच्या डाव्या अंगाला, मुदत शिल्लक. आलेखही तोच आला.
तिसरं रीडिंग हवं. सरासरी काढल्याशिवाय धाकट्याला कशाला घाबरवायचं. तो खुशीत आहे.

१८ एप्रिल
अल्बम आला.

१९ एप्रिल
लोकांची मतं येऊ लागली. "डाव्या कानात ट्रक उभा केलाय, उजव्या कानात कुणीतरी लांबून हात हलवतंय." "हेडफोन बिघडला की काय म्हणून दोनदा काढून घातला." एकाने लिहिलंय, मिक्स करणारा बहिरा होता का? असभ्य भाषा. शिवाय पुल्लिंगी.

२२ एप्रिल
लंबूने जाहीर लिहिलं. धाकट्याने स्वतःचा आवाज वाढवून घेतला, आणि विचारलं तर बहिणीचं नाव पुढे करतो. ड्रमवाला लंबूच्या बाजूने. धाकट्याने खाली एवढंच लिहिलं: "ताई ऐकून सांगत होती. तिचे कान खोटं बोलत नाहीत." त्याखाली लोकांनी हसणारे चेहरे टाकलेत. मोजले नाहीत.
गोळ्या घेते. काही फरक नाही. शिट्टी मात्र इमानदार आहे.

२४ एप्रिल
बँड मोडला. लंबूने स्वतःची गिटार नेली आणि धाकट्याचा अँप्लिफायर पायऱ्यांवर ठेवून गेला. आईने सांगितलं, माझ्या उजवीकडे येऊन. हल्ली ती वळसा घालून येते.
"तू सांगणार आहेस की मी सांगू?" म्हणाली. मी म्हटलं, माझी चूक आहे, मीच सांगेन, नेमक्या शब्दांत. "नेमकं राहू दे," आई म्हणाली, "लवकर सांग."
उद्या.

२५ एप्रिल
मजकूर अजून नीट बसत नाही. उद्या.

२७ एप्रिल, दुपार
फोन केला. लिहून पाठवणं भ्याडपणाचं झालं असतं. पण भरात मुद्दे सुटू नयेत म्हणून कागद करून ठेवला होता. "बोल ताई," म्हणाला. आवाज बसलेला होता. मी कागद उजव्या हातात धरला, फोन डाव्या खांद्याकडे नेऊन अडकवला आणि पहिल्या ओळीपासून वाचत गेले. डावा कान गेलाय. तुझं पहिलं मिक्स बरोबर होतं. मीटर बरोबर होतं. लंबू खरं बोलतोय आणि तूही खरं बोलतोयस. मला अल्बम यायच्या आधी कळलं होतं, तेव्हा मी तुला फोन केला नाही. तुझी गिटार मी एकदाही नीट ऐकलेली नाही. हे मी लंबूला आणि चारचौघांत लिहून द्यायला तयार आहे.
मग थांबले. त्याला वेळ द्यायचा, असं कागदावरच लिहिलं होतं.
तो काहीच बोलला नाही. ओरडला नाही, रडला नाही. एवढ्या समजूतदारपणे घेईल असं वाटलं नव्हतं. मीही मध्ये बोलले नाही. खिडकीखाली कुणीतरी सायकल पुसत होतं, ते बघत राहिले. बराच वेळ. माणसाला शांततेत सावरू देणं ही मोठी गोष्ट आहे, आणि मला ती जमते, असंही मनात येऊन गेलं.
आई आतून आली, माझ्यासमोर उभी राहिली, माझ्या खांद्याकडे बघत. मग तिने फोन तिथून काढला आणि माझ्या उजव्या कानाला लावला. तोवर कट झाला होता.
काय म्हणत होता, आईला विचारलं.
"शब्द नाही कळले," ती म्हणाली, "पण खूप वेळ बोलत होता गं."
पुन्हा लावला. उचलत नाही. पुन्हा लावला.
बहुधा 'ठीक आहे' असंच म्हणाला असेल.