फळीवरचा निळा डबा

१२ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या कँटीनच्या वापरलेल्या तेलाचे सहा कॅन पोचले आणि आमच्या कारखान्यात तुझं नाव दुमदुमलं! भरण्याआधी तू ते कॅन धुतलेस ना? खरं सांग. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून आम्ही ढवळतो, मग ग्लिसरीन तळाशी बसतं आणि वर बसगाड्यांचं डिझेल उरतं. पण तेलात पाणी राहिलं की डिझेलऐवजी साबणच जास्त होतो. तसा तो झाला. टाकीभर. फोरमन म्हणाले, आता धुणं धुवायला तुमच्या ताईंनाच बोलवा. तुझा लख्ख ठेवायचा सोस या जन्मी जायचा नाही, पण निदान कॅन उन्हात खडखडीत वाळवत जा.

भाऊजींच्या हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या तुंबल्याचं तू असं लिहिलंस, जणू मोरीच तुंबली. मला मात्र जेवण जात नाही. कारण सांगतो.

तुझं लग्न नवं होतं आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. चार पानं लिहून तुला शिकवलं, की तेल सोड, वनस्पती तूप आण. तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करतात, लवकर खवट होत नाही, म्हणजे तेच उत्तम. तू लगेच निळा डबा आणलास. पुढे कळलं, की तसं घट्ट करताना तेलाच्या रेणूंच्या काही वाकड्या साखळ्या सरळ होतात. त्याला ट्रान्स फॅट म्हणतात. त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चांगलं घटतं आणि हृदयावर बेततं.

हे कळून मला पंधरा वर्षं झाली, ताई. तुला सांगायची लाज वाटली. दर सुट्टीत यायचो, फळीवर तो डबा दिसायचा आणि मी खाली मान घालून जेवायचो. भाऊजींना काही झालं तर मी तुला तोंड कसं दाखवू?

शिव्या घालायच्या तर घाल, पण पत्र घाल.

तुझं शेंडेफळ


२० मार्च

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

कॅन धुतले होते. साबणाचं ऐकून हे अंथरुणात इतके हसले की नर्सबाई धावत आल्या.

आता तुझं. अरे शहाण्या, तुला कळायच्या वर्षभर आधीच मला कळलं होतं. कँटीनमध्ये आहार तपासणाऱ्या बाई आल्या होत्या, त्यांनी सांगितलं. त्याच दिवशी तूप बंद केलं आणि साधं तेल आणलं. डबा तेवढा ठेवला. तू यायच्या आदल्या दिवशी पुसून, चित्र पुढे करून फळीवर मांडायचे. आपलं सांगणं ताईने मोडलं म्हणून तुला वाईट वाटू नये, एवढंच. त्यात बटणं आणि दोरे आहेत. झाकण उघडून बघायची बुद्धी झाली नाही तुला?

आधीची वर्षं खाल्लं ते खाल्लं. त्यातला निम्मा दोष तुझा, निम्मा माझा. पण डॉक्टर म्हणाले, कारणं बरीच आहेत. ह्यांचे वडीलही हृदयविकारानेच गेले. शिवाय बसच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये स्टँडवर काळ्याकुट्ट तेलातले बटाट्याचे काप, वर विड्या. ते तुझ्या पत्रात नव्हतं.

राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ते आमच्यासाठी वाईट आहे असं समजत होतास, तरी आमच्याबरोबर ताटभर जेवलास. दुसऱ्यांदा मागूनसुद्धा. सांगायला काय झालं होतं? मला रडू आलं रे.

नीट जेवत जा.

तुझी ताई


९ जून

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

हे तपासणीत पास झाले. सोमवारपासून पुन्हा बस हातात आली. कागदावर सही मिळेपर्यंत माझा जीव टांगणीला होता. विडी सुटली, काप सुटले. डेपोत आता तुमचंच डिझेल येतं, त्यामुळे हे सगळ्यांना सांगत सुटलेत, की मी सोडलं ते सगळं आता माझी बस खाते.

कॅन दोन दिवस उन्हात ठेवूनच भरलेत. त्यांच्याबरोबर निळा डबाही पाठवतेय. बटणं काढून घेतली आहेत. तळाशी तुझं ते चार पानी पत्र आहे. फेकायचं कधी मनात आलं नाही. चुकीचं होतं, पण माझ्या नव्या संसाराची तेव्हा कुणी चार ओळींची विचारपूस केली नव्हती, तू चार पानं लिहिलीस. वाचून झालं की परत पाठव. ते माझं आहे.

माया आहेच, ती भांडून का होईना वाढवत राहा.

तुझी ताई