प्लास्टर काढायची तारीख

४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचले. सुखरूप म्हणवत नाही. तुझ्या बैठकीच्या खोलीतल्या रबराच्या झाडाविरुद्ध ही माझी लेखी तक्रार समजावी. चार दिवसांच्या मुक्कामात त्याने मला सतरा थपडा मारल्या. मोजल्यात. सोफ्यावर टेकलं की कानशिलात, चहाला वाकलं की टाळक्यात. पान चपलेच्या तळव्याएवढं, आणि तेवढंच जाड. छताला टेकल्यापासून ते आडवं वाढतंय. निवृत्त माणसांचंही असंच होतं, वर जायला जागा उरली नाही की घरातल्यांच्या अंगावर येतात. हे वाक्य भावजींना दोनदा वाचून दाखव.

कामावर, चष्म्याच्या दुकानात मला बघून मालक म्हणाले, गालाला काय झालं? झाडाने मारलं म्हटलं, तर माझेच डोळे तपासायला निघाले. झाडाचा बंदोबस्त व्हावा, नाहीतर पुढच्या वेळी हेल्मेट घालून येईन.

भावजींना दम लागतो ते डॉक्टरांना दाखवलंस का? माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मिरची


१७ फेब्रुवारी

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हे खोकला येईपर्यंत हसले. मग निकाल दिला, की फिर्यादी बाईंना आरोपीचा शेंडाच देऊन टाकू. रविवारी स्टुलावर चढून शेंड्याला गुटी बांधली. नर्सरीवाल्याने सांगितलं होतं, सालीचं एक कडं सोला, तिथे ओलं शेवाळ लावा, वर प्लास्टिक गुंडाळा, आत मुळं दिसली की खालून कापा आणि कुंडीत लावा. एवढं सोपं काम यांना पचतंय होय? तीस वर्षं हाडांच्या दवाखान्यात प्लास्टरं घातली. म्हणाले, हाड असो की फांदी, हलली तर जुळत नाही. प्लास्टिकवर चक्क पांढरं प्लास्टर चढवलं! पाण्यासाठी वर भोक ठेवून त्यात नळी खोचली. रोज दोन चमचे पाणी घालायचं. आता मुळं दिसणार कशी, विचारलं, तर म्हणाले, पेशंटचं हाड तरी कुठे दिसतं? तारखेवर विश्वास ठेवायचा.

तर प्लास्टरवर तारीख लिहिलीय, १५ एप्रिल. आणि खाली लाल पेनने, 'मिरचीला हात लावू देऊ नये.' का, विचारलं, तर नुसते हसतात. तुला काही माहीत आहे?

डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. स्टूल लपवून ठेवलंय मी. जपून राहा.

तुझी,
ताई


२६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

झाडाला प्लास्टर घालणारा माणूस माझ्या बहिणीचा नवरा आहे, हे मी दुकानात कुणाला सांगणार नाही. लाल पेनाबद्दल मला काहीही माहीत नाही. मी साधी बाई आहे, चष्मे विकते. भावजींना सांग, शेंडा न्यायला मी स्वतः येईन आणि हात मागे बांधून उभी राहीन.

स्टूल तसंच लपलेलं राहू दे. लवकर लिही.

तुझी,
मिरची


१९ एप्रिल

चि. मिरचीस,
आशीर्वाद.

यांना जाऊन महिना झाला. तू परत गेल्यावर घर इतकं मोठं होईल असं वाटलं नव्हतं. मी ठीक आहे. दोन माणसांचा चहा टाकते, एक कप सिंकमध्ये ओतते.

प्लास्टरला पाणी घालते. १५ तारीख आली आणि गेली. सुरी घेऊन उभी राहिले, पण हात चालला नाही. काढायला हे येणार होते ना. शिवाय त्यावर त्यांचं अक्षर आहे. बाकी घरात जे अक्षर आहे ते सगळं जुनं, वीजबिलांच्या मागचं. शेंड्याची दोन पानं पिवळी होऊन गळली. नर्सरीवाला म्हणतो, मुळं आत कोंडून सडतील, उशीर करू नका. सडली तर तुझ्यासाठी म्हणून यांनी केलेलं शेवटचं काम माझ्या हातून वाया जाईल. आणि कापलं तर तेही संपेल.

तू येऊन काढशील का? पण त्यांनी तर तुला हात लावू देऊ नये म्हणून लिहून ठेवलंय.

तुझी,
ताई


२६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या नावामागे 'सौ.'च्या जागी कोणतं अक्षर लावायचं ते ठरवत बसले होते. आता काहीच लावत नाही. नुसती ताई पुरे.

सोबत एक कात्री पाठवतेय. बोथट टोकाची, मुठीला लाल दोरा. ओळखलीस ना? बावीस वर्षांपूर्वी तुझ्या न्हाणीघरात घसरून मनगट मोडलं, भावजींनी प्लास्टर घातलं, तारीख लिहिली, आणि निघताना मी त्यांच्या पिशवीतून ही उचलली. खाज सहन होईना. घरी येऊन आठ दिवस आधीच प्लास्टर कापलं, आणि तारखेला इथल्या डॉक्टरांनी काढलं असं तुम्हाला कळवलं. मनगट वाकडं राहिलं ते म्हणूनच. भावजी कात्री शोधत होते तेव्हा मी विचारलं होतं, कोणती कात्री?

मी लवकर कापलं त्याचं काय झालं ते माझ्या हातावर दिसतंय. तू उशीर करू नकोस. धार लावून आणलीय. अक्षराच्या उलट्या बाजूने काप, म्हणजे तारीख शाबूत राहील. त्यांचा हुकूम मोडत नाही, मी येत नाही. तूच काप.

तुझी,
मिरची


९ मे

चि. मिरचीस,
आशीर्वाद.

यांना माहीत होतं गं. पुढच्या खेपेला तू चहा दिलास तेव्हाच मनगट बघून मला म्हणाले, हिने घाई केली. मी म्हटलं, विचारा की. तर म्हणाले, कशाला, माझे आठ दिवस देणं लागते ती, कधीतरी देईल. मी विसरूनही गेले होते.

कात्री आली त्या दिवशी हातात घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल बाहेर काढलं. उलट्या बाजूने कापलं. आत मुळं होती, मिरचे. लोकरीच्या गुंड्यासारखी, पांढरी, एकमेकांत गुंतलेली. काही काळी पडली होती, पण थोडीच. मी स्टुलावरच रडले. पडले असते तर प्लास्टर घालायला कोण होतं?

कुंडीत लावलंय. खालच्या मजल्यावरचे ट्रकवाले तुझ्याकडे पोचवतील. पोचल्यावर आठ दिवस सावलीत ठेव. हलवायचं नाही, माती उकरून मुळं बघायची नाहीत. तारखेचं टरफल यांच्या चष्म्याशेजारी ठेवलंय.

तुझी,
ताई


२२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झाड पोचलं. ट्रकमधून उतरवून घेताना पान कानशिलात बसलं. अठरावी. तक्रार नाही.

जिन्याखालच्या कोपऱ्यात ठेवलंय. दुकानात काचा पुसताना बोटं शिवशिवायची, वाटायचं, घरी जाऊन माती जराशी बाजूला करून बघावी. मनगटही दुखत होतं. पुढच्या महिन्यात रजा काढून येते, तोवर चहा एकच कप टाकायला शीक. नाहीतर दुसरा मी येईपर्यंत झाकून ठेव.

तुझी,
मिरची

ता. क. आठ दिवस काल पुरे झाले. एकदाही हात लावला नाही. भावजींना सांग.